दुसऱ्याच्या फुटक्या जहाजाचं ‘सॅल्व्हेज’: लूट, भंगार की सरवा?

रानजाई
ईव्ह ऑनलाइन हा अवकाशातल्या जहाजांचा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्या आमच्या मराठी गटात नवी मुलं येत असतात. त्यांच्यासाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. खाणकाम, वाहतूक, बाजारभाव ही प्रकरणं झाली, पण फुटक्या जहाजांच्या प्रकरणावर गाडी अडली आहे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जहाज फुटलं की त्याचा सांगाडा दोन तास अवकाशात तरंगत राहतो. त्यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात. पहिली म्हणजे आत शाबूत राहिलेला माल: तोफा, दारूगोळा, वाहतुकीचं सामान. तो उचलणं म्हणजे लूट. दुसरी म्हणजे खुद्द सांगाडा. त्याच्या पाच किलोमीटरच्या आत जाऊन सॅल्व्हेजर नावाचं यंत्र चालवायचं. कधी पहिल्या फेरीत काम होतं, कधी चार-पाच फेऱ्या लागतात. मग जळकी सर्किटं, चिलखताचे पत्रे, वितळलेले कपॅसिटर असं काहीबाही हाती येतं आणि त्यापासून पुढे रिग, म्हणजे जहाजाची क्षमता वाढवायला बसवायचे भाग, बनतात. हे सॅल्व्हेज.

आता अडचण अशी की दोन्हींचा कायदा वेगळा आहे. पोलिसांच्या हद्दीत दुसऱ्याचा सांगाडा पिवळा दिसतो. त्यातला माल उचललात की तुम्ही पंधरा मिनिटं ‘संशयित’. तेवढ्या वेळात कोणीही तुम्हाला उडवू शकतो, पोलीस मधे पडत नाहीत. पण तोच सांगाडा अख्खा कापून नेलात तर गुन्हा नाही. मालकी मालाची आहे, सांगाड्याची नाही.

मी लिहिलं होतं, ‘दुसऱ्याच्या जहाजाचं भंगार गोळा करणे’. गटातल्या एका जुन्या खेळाडूने ते खोडलं. त्याच्या मते भंगार म्हणजे मालकाने टाकून दिलेलं, आणि हे कोणी टाकलेलं नाही, म्हणून सरळ ‘लूट’ लिही. पण दोन्हीला लूट म्हटलं तर नवखा मुलगा एकतर घाबरून सांगाड्याला हातच लावणार नाही, नाहीतर बिनधास्त माल उचलेल आणि मरेल. मला असा शब्द हवा आहे ज्यात हा फरक दिसेल. क्रियापदासकट.

अनुस्वार
‘अवशेषोद्धार’. जीर्णोद्धार आपण रोज म्हणतो, त्याच घडणीचा शब्द. सॅल्व्हेजच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वाचवणे’ आहे, उद्धारातही तोच अर्थ येतो. नवी गोष्ट आली की जुन्या धातूंपासून शब्द घडवायचा, ही आपल्या भाषेची ताकद आहे. ती वापरली नाही तर गंजते.

एकटा_वैमानिक
जीर्णोद्धारात देऊळ परत उभं राहतं. इथे सॅल्व्हेज झालं की सांगाडा नाहीसा होतो. उद्धार कोणाचा झाला?

खलाशी
मी मर्चंट नेव्हीत होतो, म्हणून मूळ शब्दाबद्दल सांगतो. समुद्रावरचं सॅल्व्हेज आणि तुमच्या खेळातलं सॅल्व्हेज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संकटात सापडलेलं जहाज किंवा त्यातला माल तुम्ही वाचवलात तर तो तुमचा होत नाही. मालक मालकच राहतो, तुम्हाला बक्षिसी मिळते. लॉइड्सच्या कराराचं तत्त्वच असं की जहाज वाचलं तर पैसे, नाही वाचलं तर छदाम नाही. आपल्याकडे १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यात फुटलेली जहाजं आणि सॅल्व्हेज यांच्यासाठी स्वतंत्र भाग होता. किनाऱ्याला लागलेलं काही सापडलं की सरकारने नेमलेल्या ‘रिसीव्हर’ला कळवणं बंधनकारक. उचलून घरी नेलंत तर गुन्हा.

म्हणजे खेळाने इंग्रजी शब्दच सैल वापरला आहे. मुंबई बंदरातल्या दारूखाना भागात जुनी जहाजं तोडतात ना, त्याच्या जवळचं हे काम आहे. त्याला कोणी उद्धार म्हणत नाही. ‘जहाज कटिंगला आलं’ म्हणतात.

सर्व्हेयर_नाशिक
खलाशीभाऊ, जमिनीवर मात्र तो शब्द अगदी खेळातल्यासारखाच वापरतात. मी मोटार विम्याचे सर्व्हे करतो. गाडी टोटल लॉस झाली की उरलेल्या सांगाड्याला आम्ही ‘सॅल्व्हेज’ म्हणतो. गॅरेजच्या मागे चेपलेली गाडी उभी असते, बॉनेट दोरीने बांधलेलं, काचांचा चुरा सीटवर. दोन-तीन खरेदीदार येतात, वाकून चॅसी बघतात, इंजिनात कुठवर पाणी गेलं ते बघतात आणि भाव सांगतात. अहवालात मी मराठीत लिहितो तेव्हाही ‘सॅल्व्हेज मूल्य’ असंच लिहितो. पक्षकाराला कळतं, कंपनीला कळतं, भंगारवाल्याला तर सगळ्यात आधी कळतं. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द असताना नवा घडवायचा कशाला?

अनुस्वार
तोंडी बसलेला म्हणून चालवायचं ठरवलं तर चर्चाच नको. मग विशेषण, क्रियापद, सगळं इंग्रजी घ्या आणि शेवटी ‘आहे’ लावा.

मुक्ता_वऱ्हाड
रानजाई, ‘सरवा’ हा शब्द तुमच्याकडे आहे का? कापणी होऊन पेंढ्या खळ्यावर गेल्या की शेतात जी कणसं पडून राहतात तो सरवा. ज्यांना जमीन नाही त्या घरच्या बाया आणि पोरं येऊन तो वेचतात. भुईमूग काढल्यावरही तसंच. मातीत राहिलेल्या शेंगा खुरप्याने उकरायच्या, ओटीत टाकायच्या. मालक बांधावर उभा असला तरी हटकत नाही. हटकलं तर गावात त्याला नावं ठेवतात.

तुमच्या नियमाशी हा शब्द नेमका जुळतो. खळ्यावरच्या राशीला हात लावला तर चोरी, शेतातलं कणीस उचललं तर सरवा. दोन्ही दाणे त्याच ज्वारीचे, पण एकाला मालक आहे आणि दुसऱ्याला रिवाजाने नाही. क्रियापदही तयार आहे: सरवा वेचणे.

रानजाई
मुक्ताताई, अंगावर काटा आला. हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या साताऱ्याकडेही शेंगांचा सरवा म्हणतात. आणि आणखी एक गोष्ट जुळते. ट्रॅक्टर बीमने आपण स्वतःचे सांगाडे वीस किलोमीटरवरून ओढून आणू शकतो, पण दुसऱ्याचा पिवळा सांगाडा त्याने ओढता येत नाही. प्रत्येक सांगाड्यापाशी स्वतः जावं लागतं. अक्षरशः वेचावंच लागतं.

एकटा_वैमानिक
मी इथे कडाडून विरोध करतो. सरवा हा गरिबाचा हक्क आहे आणि तो कापणी संपल्यावर सुरू होतो. खेळात काय होतं? मी माझ्या मोहिमेवर असतो, समोर वीस शत्रूजहाजं, माझं चिलखत अर्ध्यावर आलेलं. तेवढ्यात कोणीतरी शोधयंत्रं सोडून माझा ठावठिकाणा काढतो, तिथे येतो आणि मी पाडलेली जहाजं माझ्या पाठीमागे कापायला लागतो. मी त्याच्यावर गोळी झाडली तर पोलीस मलाच मारतात, कारण त्याने कायदा मोडलेला नसतो. कापणी चालू असताना मागून शेतात घुसणाऱ्याला तुम्ही सरवा वेचणारा म्हणाल का?

याला आपल्याकडे एकच शब्दप्रयोग आहे: मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणे.

मुक्ता_वऱ्हाड
मढं तुमचं नाही ना पण. तुम्हीच पाडलेलं आहे ते. तो वाक्प्रचार दुसऱ्याच्या दुःखातून स्वतःचा फायदा काढणाऱ्यासाठी आहे. इथे दुःख कोणाला झालं? तुमचा माल तर तुमच्यापाशीच राहतो.

रानजाई
हे खरं आहे, आणि पुस्तिकेत मी मुद्दाम लिहिलं आहे. माल असलेला सांगाडा कापला की सांगाडा जातो आणि आतला माल एका डब्यात तिथेच तरंगत राहतो. तो डबा अजूनही मूळ मालकाचाच, पिवळाच. म्हणजे शहाणा वेचणारा सांगाडा घेऊन जातो आणि डब्याला बोटही लावत नाही. त्याचं सगळं कसब या न लावलेल्या बोटात आहे. ‘लूट’ शब्दाने हेच पुसलं जातं.

इतिहासप्रेमी
‘फुटक्या जहाजावर मालकी कोणाची’ या वादाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला होता, राज्याभिषेकाच्या वेळी. तहाच्या कलमांत इंग्रजांची एक मागणी अशी होती की त्यांची जहाजं वादळात फुटून महाराजांच्या किनाऱ्याला लागली तर जहाज आणि माल परत मिळावा. महाराजांकडून उत्तर गेलं की हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही तीच मागतील. किनाऱ्याला लागलेलं ते राज्याचं, हा जुना हक्क होता.

त्यामुळे ‘सांगाड्याला मालक नाही’ हे वाक्य मला खटकतं. मालक नेहमी असतो. प्रश्न एवढाच की कायदा कोणाला मालक मानतो.

खलाशी
इतिहासप्रेमी, फार महत्त्वाचा संदर्भ दिलात. आणि हा खेळ तर आइसलंडमधल्या रेक्याविकचा आहे. तिथे झाडं कमी, म्हणून समुद्रातून वाहून येणाऱ्या ओंडक्यांना सोन्याचा भाव होता. १२८१च्या त्यांच्या योन्सबोक या कायद्यात किनाऱ्याला लागलेल्या वस्तूंवर वेगळं प्रकरण आहे. लाकूड, देवमासे, सगळ्यावर किनाऱ्याच्या मालकाचा हक्क. अशा देशातल्या लोकांनी सांगाडा सगळ्यांसाठी मोकळा ठेवावा याचं मला नवल वाटतं.

एकटा_वैमानिक
मोकळा फक्त पोलिसांच्या हद्दीत. बाहेरच्या प्रदेशात ना संशयित, ना पोलीस. तिथे लूट आणि सॅल्व्हेज हा फरकच उरत नाही. २७ जानेवारी २०१४ला खेळातल्या बी-आर५आरबी नावाच्या अशाच एका प्रदेशात लढाई पेटली, एकवीस तासांच्या आसपास चालली, पंचाहत्तर टायटन फुटले. टायटन म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, एकेक बांधायला महिने लागतात. अशा ठिकाणी मैदान ज्याच्या हाती, सगळं त्याचं. तिथे ‘सरवा’ लिहिलंत तर ते खोटं होईल.

मुक्ता_वऱ्हाड
मग दोन प्रदेशांना दोन शब्द ठेवा. शेतात सरवा, रणांगणावर लूट. रिवाज जिथे आहे तिथेच सरवा असतो, हे मी पहिल्यापासून म्हणते आहे.

इतिहासप्रेमी
शिवाय ‘लूट’ शब्दाकडे एवढ्या तिरस्काराने बघू नका. तो आपला आहे. संस्कृत लुण्ट् धातूवरून आला, आणि इंग्रजांनी इथून उचलून नेला. त्यांचा ‘लूट’ हा हिंदुस्थानी शब्दच आहे.

अनुस्वार
म्हणजे खेळातल्या इंग्रजी पाटीवर ‘लूट’ आपला आणि ‘सॅल्व्हेज’ त्यांचा. पहिला परत घ्यायला कोणाची हरकत नाही, मग दुसऱ्याच्या जागी आपला शब्द ठेवताना एवढी का कां-कूं? माझा विरोध ‘सरवा’ला नाही. उलट ‘अवशेषोद्धार’पेक्षा तो चांगला आहे, मी माझा शब्द मागे घेतो. पण ‘सॅल्व्हेज मारलं’ असं छापलं जाऊ नये.

सर्व्हेयर_नाशिक
मुलं तेच बोलणार. माझा पुतण्या हा खेळ खेळतो. तो ‘रेक (म्हणजे सांगाडा) साफ केला’ म्हणतो, ‘नॉक्टिस घेऊन ये, सॅल्व्हेज मारू’ म्हणतो. नॉक्टिस हे त्याच कामाचं जहाज. त्याला सरवा वेचायला सांगितलं तर तो शेतात जाईल. शहरातल्या कितीजणांनी हा शब्द ऐकला आहे?

मुक्ता_वऱ्हाड
ऐकला नसेल तर पुस्तिकेत पहिल्यांदा ऐकतील. शब्द असेच जगतात.

मांडवीकाठ
मी गोव्याचा. वर कोणीतरी ‘सोन्याचा भाव’ म्हणालं आणि चर्चा ‘भंगार’वरून सुरू झाली, म्हणून विचारतो. कोकणीत ‘भांगर’ म्हणजे सोनं. जुन्या मराठीतही भांगार सोन्यालाच म्हणत, कानडीत बंगार. मग मराठीत ‘भंगार’ म्हणजे टाकाऊ लोखंड कसं झालं? एकच शब्द उलटा फिरला की दोन वेगळे?

अनुस्वार
दोन वेगळे असावेत असं मला वाटतं. भंगारात ‘भंग’ स्पष्ट ऐकू येतो. भांगाराची व्युत्पत्ती भृङ्गारापासून सांगतात.

इतिहासप्रेमी
मला मात्र एकच वाटतो. सोनार जुने दागिने वितळवायला घेतो तेव्हा ते त्याच्या दृष्टीने मोडच असते. सोन्याची मोड, मग तांब्याची मोड, मग लोखंडाची, असा अर्थ खाली उतरत आला असेल.

सर्व्हेयर_नाशिक
‘मोड’ हा शब्द आला ते बरं झालं. आमच्या तांबट आळीत जुनी भांडी देऊन नवी घेताना मोडीचा भाव वेगळा लावतात. आजोबा कायम ‘मोडीत घाल’ म्हणायचे, त्यांच्या तोंडून ‘भंगार’ मी ऐकलेला नाही. रानजाई, तुमच्या सांगाड्यातून निघतं त्याला ‘मोड’ म्हणून बघा. ‘मोड काढणे’.

रानजाई
‘मोड काढणे’ म्हटलं की मटकी आठवेल. पण सांगाड्यातून निघणाऱ्या वस्तूंना ‘मोड’ आणि क्रियेला ‘सरवा वेचणे’ असं करता येईल का, हे गटात विचारते. एकटा_वैमानिक, तुमचा विरोध तळटिपेत नोंदवेन, तुमच्याच शब्दांत.

एकटा_वैमानिक
तळटीप नको, मुख्य मजकुरात हवा. माझ्यासारखे अनेक आहेत.

खलाशी
मांडवीकाठ, मग गोव्यात भंगारवाल्याला काय म्हणतात? भांगर आणि भंगार यांत गोंधळ होत नाही?

मांडवीकाठ
भंगारअड्डा, भंगारवालो, असंच म्हणतात. गोंधळ होत नाही, भांगरातला ‘भां’ लांब असतो. सोनाराला आम्ही शेट म्हणतो. पण माझी आजी तुटकं लोखंड घरात पडलेलं दिसलं की तिसराच एक शब्द वापरायची. तो आईला विचारून उद्या लिहितो.