ट्रकच्या हॉर्नशिवाय तीन दिवस सायकल चालवायची आहे – कास, बामणोली, तापोळा कोणी केलंय का?

पेडलवाली_आत्या

नमस्कार मंडळी. मी ४६, पुण्यात राहते, सायकल सहा वर्षं चालवतेय. मागच्या महिन्यात हायवेच्या साईडपट्टीवरून जात होते तर एक टेम्पो इतका घासून गेला की हँडलचा आरसा तुटून त्याच्याबरोबरच गेला. मला काही लागलं नाही पण तेव्हापासून मागून इंजिनाचा आवाज आला की खांदे आपोआप वर येतात, राईडचा आनंदच गेलाय. घरचे म्हणाले ट्रेनर घे नि हॉलमध्ये चालव. मी म्हटलं त्यापेक्षा जिथे गाड्याच नाहीत तिथे जाते ना.

तर मी आणि माझी नणंद (तीही चालवते, माझ्यापेक्षा फास्ट, पण चढाला बोंब) दिवाळीनंतर तीन दिवस काढतोय. गाडीतून सायकली साताऱ्यापर्यंत नेणार म्हणजे हायवेवरच्या खंबाटकी घाटाचा प्रश्नच नाही. डोक्यात आहे ते असं: सातारा-यवतेश्वर-कास-बामणोली मुक्काम, दुसऱ्या दिवशी लाँचने तापोळा आणि महाबळेश्वरचा चढ, तिसऱ्या दिवशी केळघर घाटाने मेढा करून परत सातारा. माझी हायब्रिड आहे, ३२ मिमीचे टायर, पुढे तीन गिअर. तिची रोडबाईक, २५ चे टायर, मागे ११-२८ ची कॅसेट (११ ते २८ दातांची गिअरची चक्रं). आम्हाला रेकॉर्ड बिकॉर्ड करायचं नाहीये, थांबत थांबत जायचंय. प्रश्न एवढेच की ट्रॅफिक खरंच कमी असतं का, लाँचमध्ये सायकल घेतात का, आणि दोघीच बायका आहोत तर तसं काही टेन्शन?

ताशी_बारा

केलंय, दोनदा. प्लॅन मस्त आहे, फक्त वार बघा. शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात अर्धा सातारा असतो, चालणारे पळणारे सगळे, वर हॉटेलंही बरीच झालीत. फुलांचा सीझन ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तेव्हा तर नावच काढू नका, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून कासला जी रीघ लागते ती बघितली की वाटतं फुलंसुद्धा दमत असतील. तुम्ही दिवाळीनंतर म्हणताय ते बरोबर पण दिवाळीची सुट्टी पूर्ण संपू द्या, मग मंगळवारी सकाळी सहा-साडेसहाला साताऱ्यातून निघा.

सातारा साधारण ७००-७५० मीटरवर, कास १२०० च्या आसपास, म्हणजे चढ सगळा सुरुवातीलाच आहे आणि थंड हवेत तो उरकलेला बरा. बामणोलीपर्यंत एकूण ३५-३६ किमी. कास तलाव सोडला की खरी मजा, रस्ता झाडीतून खाली खाली जातो आणि अचानक समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. लाँचमध्ये सायकली घेतात, आदल्या दिवशी संध्याकाळीच लाँचवाल्यांशी बोलून ठेवा, पूर्ण बोट करावी लागते म्हणून अजून कोणी जाणारे मिळाले तर परवडतं. नोव्हेंबरात पाणी भरपूर असतं. हेच मे महिन्यात केलंत तर पाणी खाली गेलेलं असतं आणि चिखलातून सायकल खांद्यावर. केलंय मी तेही, त्यावर बोलायचं नाहीये.

बायकांबद्दल मी काय बोलू, पण माझी बायको आणि तिची मैत्रीण गेल्या होत्या, त्यांना त्रास म्हणाल तर फक्त धनगरवाड्याच्या कुत्र्यांचा. उतरून सायकल मधे धरायची आणि चालायचं, कुत्री कंटाळतात.

दगडमाती

रूट चांगलाच आहे, पण चढाबद्दल एक गोष्ट सांगतो जी कळली की पाय कमी दुखतात, निदान माझे तरी.

आपण ज्वालामुखी म्हटलं की शंकू शोधतो, इथे तसलं काही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत आला, थरावर थर बसले, आणि सह्याद्री म्हणजे ते थर कापले जाऊन उरलेला भाग. ह्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात आणि ट्रॅप हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. सायकलवाल्याला हे भूगोलाच्या मास्तरांपेक्षा आधी कळतं! टणक थर असेल तिथे कडा, मऊ थर असेल तिथे टप्पा, म्हणून आपल्याकडचे घाट एकसारखे चढत नाहीत. दम निघेल असा चढ, मग जरा श्वास, मग परत चढ. तापोळ्याहून वर येताना हे फार जाणवेल, पाणी ६५०-६६० मीटरवर आणि महाबळेश्वर १३५० च्या वर, म्हणजे सातशे मीटर २५-२८ किमीत. सरासरी काढली तर किरकोळ वाटते आणि सरासरीनेच माणूस फसतो. टप्प्यावर आलात की वेग वाढवायचा मोह आवरा, तिथे पाणी प्या, पुढची पायरी येतेच आहे.

दुसरं, घाटात रस्ता कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मधे विटेसारखा लाल पट्टा दिसेल. पाणी वरून मुरत येतं आणि बऱ्याचदा अशा सांध्यातूनच बाहेर पडतं, म्हणून डोंगरातले झरे एकेका उंचीवर ओळीने सापडतात. बाटली भरायला उत्तम. पण तेच पाणी रस्त्यावर येऊन शेवाळं धरतं, पावसाळा संपून महिना झाला तरी. केळघर उतरताना सावलीतल्या वळणावर रस्ता काळाभोर चमकताना दिसला तर ब्रेक आधीच मारून घ्या, त्यावर नको.

आणि पठारावर माथ्याला जांभा (लाल, सच्छिद्र दगड), माती अगदी पातळ, त्यामुळे सड्यावर, म्हणजे अशा उघड्या सपाट कातळावर, मोठी झाडं नाहीत. सावली नाही आणि वाऱ्याला आडोसाही नाही. टोपी, सनस्क्रीन.

चेनलूब

सगळे बामणोली बामणोली करतात. शांतताच पाहिजे तर सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार करा ना. धबधब्याची गर्दी पावसाळ्यात, दासनवमीला गडावर गर्दी, बाकी वर्षभर कोण नसतं. वर गेलं की नुसता सडा आणि पंख्यांचा आवाज.

नणंदबाईंना सांगा की ११-२८ वर तापोळ्याचा चढ म्हणजे गुडघ्यांशी भांडण. पुढे कॉम्पॅक्ट (कमी दातांची चक्रं) असला तरी मागे ११-३४ टाका, डिरेलरला (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) झेपतंय का दुकानात विचारा. २५ चे टायर काढून २८ बसत असतील तर बसवा, खडी उखडलेली असते मधेमधे. साताऱ्याच्या पुढे सायकलचं दुकान नाही असं समजूनच सामान भरा: तीन ट्यूब, चेन जोडायची क्विक लिंक, डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर, ब्रेक पॅड. तिची रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारा) असेल तर केळघरला सतत दाबून धरू नका, धरा-सोडा धरा-सोडा, मधे थांबून रिमला हात लावून बघा किती तापलीय.

ताशी_बारा

चाळकेवाडी छानच आहे पण पहिल्या ट्रिपला तिथे नेलंस तर नणंद-भावजयीत कायमचं वाकडं येईल. समोरून वारा लागला की सपाटीवर ताशी नऊ.

जावळीकर_

ताई नमस्कार. मी त्याच भागातला, सध्या कोपरखैरणेला. रस्ता रिकामा का असतो ते कुणी सांगितलं न्हाई म्हणून लिवतो.

बामणोलीचा रस्ता पाण्यापाशी जाऊन थांबतो. पुढं जायला मोठ्या गाडीला काही कामच न्हाई. कोयनेचं पाणी साठच्या दशकात चढलं तेव्हा खोऱ्यातली भातखाचरं, जुन्या वाटा सगळं खाली गेलं, किती गावं उठली, कुणाला ठाण्याकडं जमीन दिली कुणाला सांगली-सोलापूरला. माझा आज्जा सांगायचा की तापोळ्याला पायी जायचो, मधे नदी तेवढी, आता लाँच लागती. जी माणसं वर सरकून राहिली त्यांची पोरं मुंबईला, घरटी एक माथाडी हाय आमच्याकडं. मागं म्हातारी माणसं. म्हणून तुमाला शांत वाटतं. शांत हायच, पण ते असं हाय.

म्हणून गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात, गावच्या जत्रेला येऊ नका, तेव्हा आमीच गाड्या घिऊन आलेलो असतो आणि हॉर्न पण आमीच वाजवतो 😀

बाकी तुमाला कुणी काही म्हणणार न्हाई, उलट चा पिल्याशिवाय सोडणार न्हाईत. राहायला घरगुती सोय होती, नाचणीची भाकरी मागा, आदल्या दिवशी फोन करून सांगा कारण तिथं पोचल्यावर नेटवर्क मिळल याची ग्यारंटी न्हाई. पैसे रोख ठेवा. फक्त अंधार पडायच्या आत मुक्कामी या. पलीकडं सगळं व्याघ्र प्रकल्पाचं रान, वाघाचं सोडा, गवा रस्त्यात उभा राहिला तर हॉर्न दिला तरी हलत न्हाई, सायकलच्या घंटीनं काय हलतोय.

पेडलवाली_आत्या

बापरे एवढी उत्तरं. सगळ्यांचे आभार. जावळीकर दादा, तुमचं वाचून जरा गप्प झाले, मी शांत रस्ता शोधत होते तेव्हा हे डोक्यातच नव्हतं. मंगळवार ठरवलाय. कॅसेटचं नणंदेला सांगितलं, ती म्हणते "मला लागत नाही."

पेडलवाली_आत्या (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो! थोडक्यात लिहिते म्हणत होते पण होणार नाही.

पहिल्या दिवशी यवतेश्वर घाटात पळणारी मंडळी होती, वर माकडं. कास तलाव सोडल्यावर बामणोलीपर्यंत मी गाड्या मोजल्या: एक एसटी, एक दुधाचा पिकअप, चार टू-व्हीलर. बस. एसटीच्या ड्रायव्हरने तर मागून हॉर्न न देता वाट बघितली, आम्ही कडेला झालो तेव्हा हात करून गेला. खांदे वर गेले होते एकदा पण नंतर नाही गेले. एका वळणावर नुसती उभी राहिले, चेन फिरायची थांबली की काहीच आवाज नाही, आणि मग लांब खाली कोणीतरी लाकूड फोडत होतं ते ऐकू आलं, घाव दिसायच्या नंतर आवाज येत होता.

मुक्कामाला ज्या घरी होतो तिथल्या आजींचे दोन्ही मुलगे वाशीला. त्यांनी भाकरी करताना विचारलं की गाडी असून सायकलवर का आलात, घरी भांडण झालं का. नणंद म्हणाली आम्ही दोघीच तर भांडणाऱ्या, दोघी इथेच आहोत. आजी एवढ्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

लाँचमध्ये आमच्या सायकली आडव्या, शेजारी कोणाचं तरी लोखंडी कपाट आणि टोपलीत दोन कोंबड्या. तापोळ्याचा चढ... दगडमाती दादांचा जिना मी शब्दशः घेतला, प्रत्येक टप्प्यावर थांबले, चिक्की खाल्ली, लाल पट्टाही सापडला, खरंच त्याच्या खालून पाणी ठिबकत होतं. साडेचार तास लागले पण वर आले. नणंदबाई पहिल्या टप्प्यापर्यंत माझ्या पुढे, तिसऱ्यापासून चालत. क्लिट्सचे (पेडलला अडकणारे) बूट घालून. मी काही बोलले नाही, नुसती शेजारून ताशी पाचने जात राहिले. महाबळेश्वरच्या बाजारात शिरलो आणि बुधवार असूनही गाड्याच गाड्या, तिथे रात्र काढून उजाडताच निघालो. केळघरला दोनदा थांबून रिम गार केल्या. मेढ्यात मिसळ. साताऱ्यात दुपारी दोनला.

आल्या आल्या तिने कॅसेट बदलायला टाकलीय, ११-३४. आता म्हणते चाळकेवाडी करू. तिथला वारा कुठल्या महिन्यात कमी असतो?

जावळीकर_

ताई, वारा कमी असता तर पवनचक्क्या कशाला उभ्या केल्या असत्या.