लेआउटला बोअर पुरेल, पण तलावाचं काय?
गावालगत होऊ घातलेल्या प्लॉटच्या लेआउटबद्दल एका दादांनी लिहिलंय की बिल्डर दोन बोअर मारून देणार, म्हणजे दोनशे प्लॉटच्या पाण्याचा प्रश्न मिटला. जरा हिशेब करू. घरामागे पाच माणसं आणि जलजीवन मिशनचं माणशी 55 लिटर धरलं, तरी रोज 55,000 लिटर होतात. ते उपसणार त्याच जमिनीतून, जिच्यावर गावच्या विहिरी जगतात.

मला जास्त काळजी गावच्या मामा तलावाची, म्हणजे जुन्या मालगुजारी काळातल्या तलावाची वाटते. भंडारा-गोंदियाकडचे हे तलाव उताराचं पाणी अडवून भरतात. तलावाच्या वरच्या अंगाला मुरूम टाकून रस्ते केले की येवाच, म्हणजे तलावात येणारं पाणीच तुटतं. पाळ शाबूत आणि तलाव कोरडा, अशी गत होते. मग खालच्या बांधीतल्या धानाला ऐन निसव्यात, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, पाणी मिळत नाही, ढीवरांची मासेमारी बसते. गाळपेराच्या (पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीच्या) काठावर चरणारे सारस पक्षीही दिसेनासे होतात. राज्यात ते उरलेत मुख्यतः गोंदियातच.

सांडपाणी कुठे सोडणार, हे तर लेआउटच्या नकाशावर दाखवलेलंच नाही. उतार पाहता ते तलावातच येणार. येत्या ग्रामसभेत तलावात पाणी आणणाऱ्या नाल्याची मोजणी आणि सांडपाण्याचा आराखडा लेखी मागा, त्याशिवाय लेआउटच्या ठरावावर सही करू नका.