समोर माणूस बसला की हात थरथरतात, पोर्ट्रेट शिकायचं कसं?

नवशिकी:
दीड वर्ष झालं कॅमेरा घेऊन, फुलं पक्षी डोंगर सगळं बिनधास्त काढते पण समोर माणूस बसला की डोकंच बंद पडतं. परवा मैत्रिणीचे फोटो काढायला घेतले, ती बिचारी वाट बघत बसलेली आणि मी नुसती डायल फिरवतेय, तोंडातून शब्द फुटेना, शेवटी ४० फोटोंत डोळे शार्प असलेले दोनच निघाले. क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा आहे, ५० एमएम लेन्स, एफ १.८ वर म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं ठेवते. ही भीती जाते का हो कधी?

जुना_शटर:
जाते. पण सेटिंगची कटकट माणूस यायच्या आधी संपवा. एफ १.८ वर एक मीटरवरून जेमतेम ३ सेंटीमीटर फोकसमध्ये राहतं, समोरच्याने मान जरा पुढे घेतली की डोळा गेला, त्यामुळे ते ३८ फोटो मनाला लावून घेऊ नका. एफ ४ वर या, छिद्र लहान झालं की जास्त भाग फोकसमध्ये राहतो, शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो, फोकस जवळच्या डोळ्यावर. खिडकीशेजारी खुर्ची, उजेड बाजूने, आणि खुर्चीत माणसाऐवजी उशी ठेवून एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येतो ते, बघून घ्या. मग माणूस बसल्यावर डायलला हात लावायचा नाही.

खिडकीपाशी:
वरचं पटलं पण माझी भीती नुसत्या सेटिंगने नव्हती गेली. एकदा ट्रायपॉड लावून १० सेकंदांच्या टायमरवर स्वतःचेच फोटो काढले तेव्हा कळलं, हातांचं काय करायचं, बघायचं कुठे, काही म्हणजे काही सुचत नाही. तुझी मैत्रीण तुझ्याइतकीच घाबरलेली असणार गं. म्हणून गप्प राहू नकोस, स्क्रीन बघायची असेल तर "थांब हं, उजेड बघते" एवढं तरी बोल. "हस" म्हणू नकोस, त्याने चेहरा आखडतो, त्यापेक्षा काहीतरी छोटं काम सांग, म्हणजे डोळे मिट आणि मी तीन म्हटलं की उघड. उघडल्या उघडल्या चेहरा मोकळा असतो, तेव्हाच दाब. आणि पहिले १०-१५ फोटो वाया जाणार हे धरूनच चाल.

नवशिकी:
मैत्रिणीला विचारलं आत्ता. म्हणाली, तू आठ्या घालून स्क्रीन बघत होतीस, मला वाटलं मीच वाईट दिसतेय. खूप वाईट वाटलं ऐकून, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे. रविवारी परत बोलावलंय तिला, उशीवर एफ ४ आजच लावून बघते.