शब्द हवा: ‘नॉनकोडिंग आरएनए’ला काय म्हणावं?

शाईपेन: दिवाळी अंकासाठी यकृताच्या कर्करोगावरचा लेख मराठीत आणतेय. ‘नॉनकोडिंग आरएनए’पाशी (जनुकांवरून उतरवलेले, पण प्रथिन न बनवणारे रेणू) गाडं अडलंय. ‘असंकेती आरएनए’ लिहिलं होतं. आईला वाचायला दिलं, तर म्हणाली, “संकेतच नाही, मग हे कॅन्सर वाढवतात कसे?”

उंबरठा: आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे संकेत म्हणजे इशारा, नाहीतर रूढी. ‘कोड’ हा अर्थ परिभाषाकोशापुरता. हे रेणू तर सतत इशारेच देत असतात, फक्त त्यांच्यावरून प्रथिन बनत नाही. मायक्रोआरएनए म्हणजे यांतलेच अगदी आखूड रेणू. त्यांतला मायक्रोआरएनए-१२२ घ्या. जेमतेम २२ अक्षरांचा, पण यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएंपैकी सुमारे ७० टक्के हा एकटाच. यकृताच्या कर्करोगात तो बऱ्याचदा घटतो, आणि जिथे घटलेला असतो तिथे गाठ पसरण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. ज्या उंदरांमधून तो काढूनच टाकला, त्यांच्या यकृतात आधी चरबी साठली, मग गाठी झाल्या.

रानहळद: ‘निरर्थक आरएनए’ चालेल?

उंबरठा: अजिबात नको! आपल्या जनुकसंचातला जेमतेम २ टक्के भाग प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारा. उरलेल्यातल्या बऱ्याचशा भागाला ‘जंक’ म्हणून झालं, आणि २०२४चं वैद्यकाचं नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधालाच गेलं.

कोपरखळी: ‘बिनप्रथिनी’ कसं वाटतं? बिनविरोध, बिनशर्त, बिनसाखरेचा चहा. काय नाही तेवढं सांगायचं, लायकी काढायची नाही.

शाईपेन: बिनडोक, बिनकामाचा? 😀 पण आवडला, घेतला. आता पुढचं कोडं. ‘हल्क’ नावाचा लांबलचक आरएनए आहे, २००७ साली सापडलेला. ‘यकृताच्या कर्करोगात भलताच वाढलेला’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे हे नाव. तो मायक्रोआरएनए-३७२ला शोषतो, म्हणून त्याला ‘स्पंज’ म्हणतात. स्पंजच ठेवू?

कोपरखळी: शाईपेन नाव घेऊन हे विचारता? टिपकागद!

उंबरठा: टिपकागद झकास. स्पंज पिळला की पाणी परत मिळतं. टिपकागदाने टिपलेली शाई गेली ती गेलीच. अर्थात इथे टिपलेला रेणू कायमचा जातोच असं नाही, उपमा फार ताणू नका. पुढचा भाग मात्र लेखात जरूर घ्या: ३७२ अडकला की त्याने दाबून ठेवलेलं एक प्रथिन मोकाट सुटतं आणि फिरून हल्कचंच उत्पादन वाढवतं. टिपकागदच टिपकागद छापतो म्हणा ना.

रानहळद: आणि ‘मेटास्टॅसिस’?

उंबरठा: ‘पसरणे’. फक्त कुठून कुठे ते प्रत्येक वेळी लिहा. घरोघरी ‘लिव्हरला कॅन्सर झालाय’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा तो आतड्यातून तिथे आलेला असतो. शाईपेनच्या लेखातला यकृतातच सुरू होतो आणि फुप्फुसाकडे निघतो.