मदत हवी आहे: मॉन्ट्रोझच्या बाईची नोंद कुठे मिळेल? (तातडीचं)

आंजर्लेकर
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. आमच्याकडे गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात एक शिळा आहे. मॉन्ट्रोझची बाई, रेल्वेतल्या एका कंडक्टरची कोणीतरी. तिची माहिती हवी आहे. एका संकेतस्थळावर पैसे भरून मृत्यूची नोंद शोधली, नावाची चार-पाच स्पेलिंगं करून पाहिली, हाती काही लागलं नाही. माझी भाची येत्या शनिवारी मॉन्ट्रोझला जाणार आहे, तिच्याकडे एकच दिवस आहे. तिला म्युझियममध्ये पाठवू की सरकारी कचेरीत? आणि फोर्फरशायर नावाचा जिल्हा नकाशात सापडतच नाही. कृपया नेमकं सांगा.

निवडुंग
कुठलं कबरस्तान? साल कोणतं? बाईचं नाव काय? फोटो आहे का? मॉन्ट्रोझ नावाचं गाव अमेरिकेत कोलोरॅडोतही आहे. भाची नक्की कुठल्या देशात आहे?

सुलेखा_ठाणे
डीएनए चाचणी करा. माझ्या आत्तेभावाने केली, त्याला इंग्लंडमधले लांबचे नातेवाईक सापडले. आता फोनवर बोलणं होतं त्यांचं. किट घरी येतं.

आंजर्लेकर
सुलेखाताई, ती माझी नात्याची नाही. निवडुंग, भाची डंडीला शिकते, स्कॉटलंडमध्ये. कबरस्तान दापोली तालुक्यातलं. साल १८४१. मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंत तर बरं होईल, शनिवार जवळ आलाय.

जुना कारकून
थांबा. १८४१ साली रेल्वेचा कंडक्टर? आपल्याकडे पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ रोजी. दापोलीत तर आजही रुळ नाहीत, खेडला उतरावं लागतं. तुम्ही शिळेवरचं वाचून अर्थ लावलाय आणि आम्हाला फक्त अर्थ सांगताय. मजकूर जसाच्या तसा लिहा, एकही अक्षर न गाळता. फुटलंय तिथे फुटलंय असं लिहा.

आंजर्लेकर
बरोबर आहे, लिहितो. वरच्या दोन ओळी नेहमीच्या, स्मृतीप्रीत्यर्थ वगैरे. नावाची ओळ झिजलीय, तिच्यावर शेवाळाचे पांढरे चट्टे आहेत. पुढे 'रेलिक्ट ऑफ द लेट कंडक्टर', त्यापुढचा कोपरा फुटलाय. खाली 'नेटिव्ह ऑफ मॉन्ट्रोझ, फोर्फरशायर, एन. बी.' मग ऑक्टोबर १८४१, वय ३९. एन. बी. म्हणजे विशेष सूचना, तिच्यापुढचा मजकूर पुसला गेला असणार असं समजलो. रेलिक्टचा अर्थ शब्दकोशात अवशेष असा मिळाला, म्हणून 'कंडक्टरची कोणीतरी' असं लिहिलं.

घाई का तेही सांगतो. तिथे कुंपणाचं काम निघालंय. मुकादम म्हणाला, शिळा उचलून एका कडेला रचून ठेवणार. एकदा रचल्या की कुठली कुठे होती ते कोण सांगणार? माझी आजी भाताची कापणी झाली की त्या शिळेवरचा पालापाचोळा काढायची. 'परक्या गावात पडलीय बिचारी' एवढंच म्हणायची. नाव कळलं तर मी स्वखर्चाने पाटी लावीन.

टे-काठची
आंजर्लेकर दादा, मी डंडीत सात वर्षं राहते आणि इथल्या जुन्या नोंदींत बरंच बसले आहे. एकेक सांगते.

फोर्फरशायर सापडत नाही कारण ते नावच आता वापरात नाही. १९२८ पासून त्या परगण्याचं अधिकृत नाव अँगस. फोर्फर, मॉन्ट्रोझ, आर्ब्रोथ, ब्रेखिन, किरिम्यूर ही गावं सगळी अँगसमध्ये. डंडीही पूर्वी त्यातच होती, आता वेगळी आहे.

एन. बी. म्हणजे नॉर्थ ब्रिटन. त्या काळी स्कॉटलंडचा पत्ता तसाच लिहीत. म्हणजे मजकूर पुसला गेलेला नाही, तो तिथेच संपतो. आणि रेलिक्ट म्हणजे विधवा. स्कॉटलंडच्या कबरींवर हा शब्द पावलोपावली दिसतो.

मृत्यूची नोंद इथे मिळणारच नव्हती. एक तर ती कोकणात वारली. दुसरं, स्कॉटलंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ ला. त्याआधीचे बाप्तिस्मे आणि विवाह चर्चच्या जुन्या पॅरिश वह्यांत (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग). त्या स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. तुम्ही जन्म शोधा, १८०१ ते १८०३, मॉन्ट्रोझ पॅरिश.

अजून एक, बहुतेक जण इथेच अडकतात. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कागदोपत्री आणि कबरीवर चालू राहायचं. तेव्हा नावाच्या ओळीत जे आडनाव असेल ते माहेरचंही असू शकतं. नवऱ्याचं त्या फुटलेल्या कोपऱ्यात गेलं.

जुना कारकून
उत्तम. कंडक्टरचं मी सांगतो. कंपनी सरकारच्या लष्करात तोफखान्याच्या आणि रसदीच्या कोठारांवर जो वॉरंट अधिकारी असे त्याला कंडक्टर म्हणत. बहुतेक जण साध्या शिपायापासून चढत आलेले. दापोलीला तेव्हा लष्कराचा कॅम्प होता, अजून लोक 'कॅम्प दापोली'च म्हणतात.

बखरकार
मॉन्ट्रोझ म्हटल्यावर बर्न्स घराणं आलंच. काबूलला २ नोव्हेंबर १८४१ ला मारला गेलेला कंपनी सरकारचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स मॉन्ट्रोझचा. त्याचा थोरला भाऊ डॉ. जेम्स बर्न्स मुंबईत होता. हिंदी लोकांना फ्रीमेसन या बंधुसंघटनेत घेण्यासाठी १८४३ साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज, म्हणजे तिची शाखा, निघालं, ते त्याच्याच पुढाकाराने. मॉन्ट्रोझमध्येच जन्मलेल्या जोसेफ ह्यूम या खासदाराच्या वशिल्याने या भावांना कंपनीत जागा मिळाल्या. तुमची बाई वारली ऑक्टोबर १८४१ मध्ये, बर्न्स मेला पुढच्याच महिन्यात. मला तरी ही बाई त्याच गोतावळ्यातली वाटते. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत कॅडेट पेपर्स आहेत, त्यांत बाप्तिस्म्याचे दाखले जोडलेले असतात. तिथे शोधा.

जुना कारकून
बखरकार, तारखा जवळ आल्या म्हणून नातं जुळत नाही. मॉन्ट्रोझचा प्रत्येक माणूस बर्न्स नव्हता. कॅडेट पेपर्स अधिकारी होऊ घातलेल्या पोरांचे. कंडक्टर कॅडेट म्हणून आलेला नसणार. त्याच्यासाठी भरतीच्या याद्या आणि मुंबई सैन्याचे हजेरीपट पाहायचे. तेही ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरातच आहेत.

बखरकार
नातं आहे असं मी ठामपणे म्हटलेलं नाही. पण एका छोट्या बंदरातून इतकी माणसं मुंबई इलाख्यात का आली, हे पाहायला नको का? ओळखीने ओळख लागत गेली. त्या साखळीत ही बाई कुठे बसते हाच खरा प्रश्न.

निवडुंग
खरा प्रश्न शनिवारचा आहे. धाग्याचं शीर्षक वाचा.

केतकी_रत्नागिरी
दापोलीचा विषय निघालाय म्हणून सांगते, साने गुरुजी तिथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. त्या शाळेचे जुने कागद कोणी पाहिले आहेत का? माझ्या आजोबांचं नाव त्यात असायला हवं. १९१५ च्या आसपास.

पाचोळा
नावाची ओळ वाचायची असेल तर सोपा उपाय आहे. तारेचा ब्रश घ्या, पातळ केलेलं ॲसिड मारा, शेवाळ निघून जातं. मग खोबरेल तेलात काजळी कालवून अक्षरांत भरा. आमच्या मंदिराचा शिलालेख आम्ही असाच वाचला.

जुना कारकून
कृपा करून असं काही करू नका! ॲसिडने दगडाचा वरचा पापुद्रा जातो, उरलेलं अक्षरही जातं. तारेचे ओरखडे कायमचे. तेल मुरतं आणि काळं पडतं. नोकरीत असताना मी अशा तीन शिळा कायमच्या गेलेल्या पाहिल्या आहेत, सगळ्या चांगल्या हेतूने घासलेल्या.

रात्री जा. बरोबर एक माणूस आणि चांगली बॅटरी घ्या. बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून कडेने प्रकाश पाडा, समोरून नको. खोलगट अक्षरांत सावली पडते आणि दिवसा न दिसणारी रेघ उठून येते. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे फोटो काढा. पाण्याचा हात फिरवला तर चालेल, बाकी काही नको.

पाचोळा
आमचा शिलालेख अजून शाबूत आहे. पण ठीक, तुमचा अनुभव मोठा. आधी बॅटरी करून पाहा.

भटकभवानी
भाची मॉन्ट्रोझला जातेच आहे तर तिला आर्ब्रोथला उतरायला सांगा, डंडीहून त्याच रेल्वेमार्गावर आधी लागतं. तिथलं सिग्नल टॉवर म्युझियम उघडं असेल तर चुकवू नका. समुद्रात अठराएक किलोमीटरवर बेल रॉक दीपगृह आहे, रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं, १८११ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा उजळलं. भरतीला तो खडक पूर्ण पाण्याखाली जातो. १८१३ मध्ये किनाऱ्यावर हा सिग्नल टॉवर बांधला. दीपगृहातल्या माणसांची कुटुंबं तिथे राहायची आणि खुणांनी बोलणं चालायचं. बाळ झालं की मुलगा असेल तर काठीवर पँट चढवायचे, मुलगी असेल तर पेटीकोट. बापाला दुर्बिणीतून कळायचं. मी ते ऐकून तिथेच बसून राहिले होते. आणि आर्ब्रोथ स्मोकी खायला सांगा, लाकडाच्या धुरावर शिजवलेला हॅडॉक मासा.

आंजर्लेकर
भटकभवानी, वाचायला छान वाटलं. पण तिच्याकडे एक दिवस आहे. टे-काठची ताई, म्युझियम की दप्तरखाना, एवढं सांगा.

टे-काठची
दादा, मॉन्ट्रोझचं म्युझियम उघडं असेल तर जरूर पाहू दे. १८४२ मध्ये उघडलं, तुमची बाई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी. स्कॉटलंडमध्ये म्युझियम म्हणूनच बांधलेल्या सगळ्यांत जुन्या इमारतींपैकी ती एक. पण तिथे वस्तू असतात. माणसांची नोंद शोधायची तर अँगस अर्काइव्ह, आणि ते मॉन्ट्रोझमध्ये नाहीच. ते फोर्फरच्या पूर्वेला रेस्टेनेथला आहे, जुन्या मठाच्या अवशेषांशेजारी. मॉन्ट्रोझहून तीसेक किलोमीटर. फोर्फरला रेल्वे नाही, बसने जावं लागतं. शिवाय शनिवारी उघडं असेल असं धरून चालू नका. आधी ईमेल करून वेळ मागायची, काय शोधतोय ते लिहायचं, म्हणजे ते वह्या काढून ठेवतात.

तेव्हा शनिवारी तिने मॉन्ट्रोझच्या मोठ्या मनोऱ्याच्या चर्चचं आवार पालथं घालावं. घरची माणसं आपल्या शिळेवर परदेशी वारलेल्या लेकरांचीही नावं कोरायची. 'ईस्ट इंडीज' हे शब्द शोधत फिरू दे. डंडीत टे व्हॅली फॅमिली हिस्टरी सोसायटी आहे, तिथे कबरींवरच्या मजकुरांच्या याद्या आहेत. शुक्रवारीच तिथे डोकावली तर आवारात कुठे पाहायचं ते कळेल.

'मॉन्ट्रोझ रिव्ह्यू' हे वर्तमानपत्र १८११ पासूनचं. मृत्यूची बातमी तिथे आली असेल तर ऑक्टोबरच्या अंकात मिळणार नाही, टपालाला दोन-तीन महिने लागायचे. डिसेंबर १८४१ ते मार्च १८४२ पाहायला सांगा. आणि दापोलीचं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं होतं, पी-नंतर दोन ओ आणि शेवटी आय-ई. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

निवडुंग
१८४१ ची जनगणना आहे ना? त्यात पाहा.

टे-काठची
ती कोकणात होती, तिच्यात कशी येईल? आईवडील मिळतील कदाचित. पण त्या जनगणनेत नेमकं जन्मगाव नाही, त्याच परगण्यात जन्म का, एवढंच हो-नाही. मोठ्यांची वयंही पाचाच्या पटीत खाली आणलेली.

जुना कारकून
दफनाची नोंद विसरू नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, मालिका एन/३. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणारी फिबिस म्हणून संस्था आहे, तिची शोधयादी विनामूल्य आहे. नाव अर्धं असलं तरी साल आणि ठिकाण यावरून सापडू शकतं. नवऱ्याचं आडनावही तिथेच मिळेल.

आंजर्लेकर
मंडळी, काल रात्री पुतण्याला घेऊन गेलो. कारकून साहेबांनी सांगितलं तशी बॅटरी डावीकडून टेकवली आणि ओळ उठून आली. अंगावर काटा आला. पहिल्या नावाचं फक्त शेवटचं ए दिसतं. आडनावाची पहिली दोन अक्षरं एम आणि आय, स्वच्छ. पुढे चट्टा. शेवटी ई.

टे-काठची
एम-आय म्हणजे त्या भागात मिशेल, मिडल्टन, मिल्न, तिन्ही भरपूर. ई-ने मिल्न संपतं. मधे किती अक्षरांची जागा आहे? वरच्या ओळीतल्या अक्षरांवर दोरा धरून मोजा.

आंजर्लेकर
आत्ताच मोजून आलो. मधे दोन अक्षरं बसतात, तिसरं मावत नाही.

टे-काठची
मग मिल्न. माहेरचं का सासरचं ते दफनाच्या नोंदीवरून ठरेल. पॅरिश वहीत मिल्न मुली बऱ्याच निघतील, नाव ए-वर संपणाऱ्या वेगळ्या काढा. तिथे नाही सापडली तर हार मानू नका. मॉन्ट्रोझकडे एपिस्कोपल पंथाची (मुख्य स्कॉटिश चर्चहून वेगळ्या) वस्ती जुनी, त्यांची नोंद पॅरिशच्या वहीत असेलच असं नाही. अर्काइव्हला तेही विचारा.

बखरकार
बर्न्स नाही, मान्य. पण हजेरीपटात कंडक्टर सापडला तर इथे जरूर लिहा.

आंजर्लेकर
भाचीने अर्काइव्हला ईमेल पाठवलंय, चारही फोटो जोडून. शनिवारी ती चर्चच्या आवारात जाईल, फोर्फरला पुढच्या महिन्यात. मुकादमाला आज भेटलो. त्या शिळेच्या भोवती चार दगड लावून तांबडी फीत बांधलीय, ती एक जागची हलवणार नाही म्हणाला. बाकीच्या अकरा शिळांचे फोटो उद्या रात्री काढतो. केतकीताई, शाळेच्या कागदांचं तुमचं मी तिथे विचारतो, आजोबांचं पूर्ण नाव कळवा.