गरम झाली की सेल्फ घेत नाही, थंड झाली की घेते (जुनी डिझेल पिकअप)

ओतूरकर:
मंडळी, 2008 ची डिझेल पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली. डिझेलचा पंप जुना मेकॅनिकलच. टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरतो आणि कल्याण गाठतो. पहाटे घरून निघताना एका झटक्यात सेल्फ घेते. माल उतरवून परत निघायचं म्हटलं की हिचं नाटक सुरू. चावी फिरवली की कधी बारीक ‘टक्’, कधी तेवढंही नाही. चावी तशीच धरून ठेवली तर डॅशचे दिवे पार मंद होतात. वीस मिनिटं चहा पिऊन आलो की काही झालंच नाही अशी चालू. हमाल लोक आता मी चावी लावायच्या आधीच मागून धक्का द्यायला उभे असतात.

बॅटरी नवी टाकली. सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले. पैसे गेले, दुखणं जागच्या जागी. गेल्या मंगळवारी टोकावड्याच्या पुढे गतिरोधकावर आदळली आणि चालती गाडी बंद पडली. चावी जराशी हलवली तर परत लागली. आता गॅरेजवाला म्हणतोय बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर बदलू. बदलू का?

रविवारचा_मेकॅनिक:
इग्निशन कॉइल बघा. गरम झाली की कॉइल दगा देते. माझ्या जुन्या व्हॅनला अगदी हेच व्हायचं.

जुना_वायरमन:
डिझेलला कॉइल कुठून आणायची दादा? स्पार्क प्लगही नाही. हिला चालू राहायला लागतो तो पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला चावीतून येणारा करंट. तो तुटला की डिझेल बंद, इंजिन बंद.

ओतूरकर, आल्टरनेटरला हात लावू नका. तुमची बॅटरी पहाटे भरलेली असते, म्हणजे चार्जिंग होतंय. चालती गाडी चावी हलवल्यावर परत लागली, आणि सेल्फही चावीवर रुसतो. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे बघा: स्टेअरिंगखालचा इग्निशन स्विच आणि त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड).

पुढच्या वेळी अडली की चहाला जाऊ नका. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा आणि चावी धरून ठेवा. हेडलाइट लख्ख आणि फक्त डॅश मंद, तर बॅटरी ठीक, चावीकडे येणारा करंटच अडतोय (तुमच्या हेडलाइटची लाइन चावीतून जात नसेल तर). दोन्ही मंद, तर बॅटरीचे टर्मिनल किंवा सेल्फ जाम. मग मल्टीमीटर लावा: एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सेल्फवरच्या बारीक वायरला, म्हणजे चावीचा करंट जिथे येतो त्या 50 नंबरच्या टर्मिनलला. चावी धरल्यावर किती व्होल्ट येतात ते कळवा.

आणि ही दुरुस्त होईपर्यंत घाट उतरू नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो, एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो.

घाटवाट:
अर्थिंग विसरू नका. इंजिन ते चासी जाणारी पट्टी गंजली की सेल्फचा करंट भलतीकडून वाट काढतो. आमच्याकडे एकाची अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापून धूर आला होता. बॅटरीचा मायनस आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला.

ओतूरकर:
चार दिवस भाच्याच्या टेम्पोतून माल पाठवला, घाट टाळला. काल मुद्दाम संध्याकाळी दिवे-बिवे सगळे लावून आळेफाट्यापर्यंत फेरी मारली. घरी येऊन बंद केली, आणि पठ्ठी अडली! एवढा आनंद गाडी बंद पडल्याचा कधी झाला नव्हता.

हेडलाइट लख्ख, डॅश मेलेला. अर्थिंग नंतर सेल्फ लागल्यावर बघितलं: 0.2 व्होल्ट, म्हणजे ठीक. आधी अडलेली असताना पोरगा चावी धरून बसला होता तेव्हा बॅटरीवर 12.4 आणि 50 नंबरवर फक्त 7.1. स्टेअरिंगखालचं कव्हर काढलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरीची पिन कपलरमध्ये काळी पडलेली, भोवतालचं पांढरं प्लास्टिक चहाच्या साईसारखं तपकिरी. कपलरच्या अलीकडे 12.3, पलीकडे 7.3. पाच व्होल्ट त्या नखाएवढ्या पिनेतच जात होते.

आणि खरा चोर पुढे सापडला. आधीच्या मालकाने माळशेजच्या धुक्यासाठी दोन फॉग लॅम्प लावलेत. त्यांची वायर याच स्विचच्या पलीकडून सोलून पिळून घेतलेली. वर चिकटपट्टी, फ्यूजचा पत्ता नाही.

जुना_वायरमन:
55 वॅटचे दोन म्हणजे 110 वॅट, नऊ अँपिअरच्या वर. तासभर घाटात लावले की पिन तापते, तापली की सैल होते, सैल झाली की आणखी तापते. थंड झाली की तात्पुरती चिकटते. तुमच्या चहाचं कोडं हेच.

पिन घासून बसवू नका, महिन्यात परत येईल. तेवढा कपलर कापून नवा, आणि जाड वायरीला नवीन टर्मिनल नीट क्रिंप करून. स्विचचा मागचा विजेचा भाग वेगळा मिळत असेल तर तोही बदला, चावी तीच राहील. फॉग लॅम्प बॅटरीवरून थेट, रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज घालून. आणि चावीला काय काय लटकवलंय? वजनाने स्विच खिळखिळा होतो.

ओतूरकर:
घराची, गोडाऊनच्या दोन कुलपांची, मोटारीच्या पेटीची आणि एक पितळी घुंगरू. समजलं, सोडवतो.

कपलर आणि स्विच आज बसला. चावी धरल्यावर 50 नंबरवर 11.4 येतात. पुन्हा आळेफाटा करून आलो, तीनदा बंद-चालू केली, तिन्ही वेळा घेतली. फॉग लॅम्पची जुनी वायर तूर्त कापून टेप मारलाय. रिले आणि 15 अँपिअरचा फ्यूज आणलाय, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावतो. रिलेच्या 85 आणि 86 या कॉइलच्या दोन पिनांमध्ये उलटसुलट झालं तर चालतं का?

जुना_वायरमन:
साधा रिले असेल तर चालतं. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर नाही, रिलेवर छापलेली आकृती बघा. 30 ला फ्यूजकडून येणारी, 87 ला दिव्याकडे जाणारी. ते चुकवू नका.