पाऊण कादंबरी झाल्यावरचं भांडण: रोमकॉमवर एवढा राग का?

कृष्णाकाठ:
आपल्या वाचक गटावर सांगलीच्याच एका सदस्यानं परवा लिहिलं: “हल्लीच्या रोमकॉम, म्हणजे विनोदी प्रेमकथांच्या, कादंबऱ्या एकाच साच्यातल्या. एक वाचली की सगळ्या वाचून होतात. जी भानगड एका फोनने मिटली असती, तिच्यावर शंभर पानं ओढतात.” खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलं नाही आणि दोन ओळींत सांगता येण्यासारखंही नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

साचा आहेच, आणि तो कुणी लपवलेला नाही. मध्यवर्ती प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा, या दोन अटी ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकांच्या संघटनेनं रोमान्सच्या व्याख्येतच घातल्यात. त्यामुळे शेवट आधीच कळतो ही तक्रार होऊच शकत नाही. करायची तर बांधणीवर करा, पण नीट करा.

साडेतीनशे पानांची कादंबरी धरा. पहिल्या तीस-पस्तीस पानांत दोघं समोरासमोर येतात आणि त्यांना एकत्र राहायला भाग पाडणारं काहीतरी घडतं: एकच ऑफिस, एकच घर, घरच्यांना दाखवायला जुळवलेली खोटी जोडी. निम्म्यावर मनं जुळतात. २६० व्या पानाच्या आसपास फाटतं, ३१५ च्या आसपास मनधरणी, मग उपसंहार. तुमचा सगळा राग २६० वर आहे. पण ते भांडण खरं की चिकटवलेलं, हे ८० व्या पानावर कळतं. प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला विनोद करून बगल देणारा नायक ८० वर आपल्याला हसवतो. तीच सवय २६० वर नायिकेला एकटं पाडते. असं असेल तर भांडण कथेतूनच उगवलंय. आणि २६० वर अचानक जुनी प्रेयसी दारात उभी राहिली, किंवा कुणी दाराआडून अर्धंच वाक्य ऐकलं, तर तो लेखकाचा आळस. त्या लेखकाला धरा, सगळ्या प्रकाराला नको.

फोनचं म्हणाल, तर गप्प बसण्याला वजन असावं लागतं. अली हेझलवूडच्या ‘द लव्ह हायपॉथिसिस’ (२०२१) मध्ये नायिका ऑलिव्ह खरं सांगत नाही, कारण तिला त्रास देणारा माणूस नायकाचा, ॲडमचा, मित्र आहे, त्याचं संशोधन त्या माणसाशी बांधलेलं आहे, आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे तिच्या मनात बसलंय. हे एका फोनने मिटतं?

विश्रामबाग:
ती पोस्ट माझी. मागे घेत नाही.

ऑलिव्हचं कारण वजनदार आहे, पण ते कधी येतं? बोस्टनच्या परिषदेत, पुस्तक बरंच पुढे गेल्यावर. तुमचीच ८० पानांची कसोटी तुमच्याच उदाहरणाला लावून बघा.

आणि माझी मुख्य तक्रार भांडणाची नाहीच, विनोदाची आहे. निम्म्यापर्यंत टोमणे, फजिती, एकमेकांवर कुरघोडी, संवाद कसे झपझप पळतात. दोनशे पानं उलटली की विनोद जातो तो परत येत नाही. मग लहानपणीची जखम, बापाचं सोडून जाणं, समुपदेशकाच्या तोंडची वाक्यं. मागच्या कव्हरवर मात्र ‘पोट धरून हसाल’. १९९६ चं ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ बघा. नोंदीच्या डोक्यावर वजन, दारूचे पेग, सिगारेटी यांचा हिशोब असतो. ती रडत असली तरी तो हिशोब आपल्याला हसवतो. विनोद रचनेतच बसवलाय, त्यामुळे तो शेवटपर्यंत टिकतो. आता विनोद फक्त संवादात असतो. दोघं बोलायचे थांबले की तोही संपतो.

दुसरं, हे आलटून पालटून निवेदन. एक प्रकरण तिचं, एक त्याचं. तो तिच्यावर जीव टाकतो हे दीडशेव्या पानावर त्याच्याच तोंडून कळलंय. मग २६० वर ‘त्याचं माझ्यावर प्रेमच नव्हतं’ म्हणून ती रडते तेव्हा मी काय करायचं? पानं मोजायची. त्यात मेसेजची प्रकरणं. कोण कोणाला काय पाठवतंय ते तीन-तीनदा वाचूनही कळत नाही, आणि हे ढिगानं खपतं!

हरिपूरकर:
निवेदनाचा मुद्दा बरोबर धरलात, पण निष्कर्ष उलटा काढलात. वाचकाला दोन्ही बाजू माहीत असणं हा विनोदाचा घात नव्हे, ते त्याचं भांडवल आहे. आपल्या हरिपूरच्या देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आठवा. १९१६ साली रंगभूमीवर आलेलं, मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराचं. अश्विनशेठची एक तसबीर. ती रेवतीकडून पडते, कृत्तिकेला सापडते, कृत्तिकेच्या हातात फाल्गुनराव बघतो, फाल्गुनरावाच्या हातात खुद्द अश्विनशेठ बघतो. चार माणसं, चार संशय, वस्तू एकच. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं आणि रंगमंचावरच्या प्रत्येकाला पाव हिस्सा. म्हणून तर हसू येतं.

आजच्या कादंबरीत गैरसमज येतो तो रडवायला. वाचकाला सगळं ठाऊक असताना लेखक त्याच्याकडून अश्रू मागतो, तिथेच घोटाळा होतो. देवलांनी संशय पहिल्या अंकात सोडला आणि पुढे नुसता वाढवत नेला. रोमकॉमवाले तो पाऊण पुस्तक संपेपर्यंत राखून ठेवतात आणि मग त्याच्याकडून गंभीर काम करून घेतात.

मिरज_जंक्शन:
विश्रामबाग, बाकीचं राहू द्या. मेसेजची प्रकरणं कळत नाहीत म्हणालात, ती प्रत कुठली? मूळ छपाईत एकाचे मेसेज डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे असतात, नाहीतर वेगळा टाइप वापरतात किंवा आधी नाव देतात. स्कॅन करून अक्षरं उचललेल्या नकली प्रतीत हे सगळं सपाट होतं. तिरपा टाइप सरळ होतो, म्हणजे मनातलं वाक्य बोलल्यासारखं दिसतं. प्रकरणाच्या डोक्यावरचं ‘ती’ किंवा ‘तो’ कापलं जातं. मग आलटून पालटून निवेदन डोक्यावरून जाणारच. तुम्ही लेखिकेला शिव्या घालताय, चूक पायरेटेड छपाईची आहे.

विश्रामबाग:
म्हणजे मी चोरीचा माल वाचतो असं म्हणायचंय का? विषय काय, तुम्ही बोलताय काय!

मिरज_जंक्शन:
तुम्ही काय वाचता ते मी कसं सांगू? पण रस्त्याकडेच्या ढिगात हाच प्रकार सगळ्यात जास्त असतो, म्हणून लिहितो. ज्याला तपासायचंय त्यानं तपासावं.

शीर्षकावरून बोट फिरवा. मूळ कव्हरवर अक्षरं उठावाची किंवा चमकीची असतील तर नकलीवर ती नुसती छापलेली, गुळगुळीत लागतात. पान उजेडाकडे धरा. कागद इतका पातळ असतो की मागच्या पानाच्या ओळी आरपार दिसतात. अक्षरांच्या कडा फुगीर, इंग्रजी ‘ई’ आणि ‘ए’ची पोटं शाईनं भरलेली, कारण ती छापील पानाच्या फोटोवरून छापलेली असतात. शिवणीकडचा समास इतका कमी की ओळीचं शेवटचं अक्षर वाचायला पुस्तक दाबून उघडावं लागतं, आणि दाबलं की डिंक सुटून पानं हातात. बारकोड स्कॅन करून बघा, बऱ्याचदा लागत नाही नाहीतर भलतंच पुस्तक दाखवतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान क्रमांक. छपाई फर्म्यात होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडग्यात, साधारण सोळा नाहीतर बत्तीस पानांच्या. बांधताना एखादा फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. २५६ नंतर एकदम २७३ आलं तर भांडणाचं कारणच गायब. मग ‘उगाच भांडतात’ असं वाटायला कितीसा वेळ लागतो?

वाळवा_वाचक:
पायरसीवर प्रवचन सोपं असतं. मूळ प्रत चारशे-पाचशेला, ढिगातली दीडशेला. इस्लामपुरात, विट्यात राहून कॉलेज करणाऱ्या पोरीनं काय करायचं? इंग्रजी रोमकॉम तालुक्याच्या वाचनालयात येत नाही. आणि आली तर कव्हरवर कार्टूनसारखी चित्रं बघून सरळ बालविभागात जाते! आत काय आहे ते उघडून कुणी बघत नाही. चित्रातलं कव्हर म्हणजे मुलांचं पुस्तक, हा समज आधी काढा. यातल्या बऱ्याच पुस्तकांत शयनगृहाचे प्रसंग उघड असतात, ती मोठ्यांसाठीची पुस्तकं आहेत. पुस्तकांचं गाव म्हणतात त्या भिलारला २०१७ पासून घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तकं मांडलीत. एका गावाला जमतं ते वाचनालयांच्या कपाटांना का जमू नये?

अजिंक्यतारा:
कपाटाचं शंभर टक्के मान्य. दीडशेचं नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, नकली छापणाऱ्या-विकणाऱ्याला: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. आणि लेखकाला मिळतं किती? पेपरबॅकवर छापील किमतीच्या साडेसात-दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ३९९ च्या पुस्तकामागे तीस-चाळीस रुपये. ढिगातल्या प्रतीमागे शून्य. स्वस्त हवं तर रद्दीतली जुनी पण अस्सल प्रत घ्या, ई-बुकची किंमत उतरते तेव्हा घ्या, चौघींनी मिळून एक घ्या. जेन ऑस्टेनसारखं हक्क संपलेलं पुस्तक शंभराच्या आत मिळालं तरी ते कायदेशीरच असतं. स्वस्त म्हणजे नकली असंही नाही, मिरजकर.

कृष्णाकाठ:
अहो, धागा भांडणावर होता! पायरसीचा वेगळा काढा की. विश्रामबाग, तुम्ही बोस्टनचं म्हणालात. प्रसंग उशिरा येतो हे खरं. पण टॉम, म्हणजे तो त्रास देणारा, आधीपासून कथेत आहे, ऑलिव्हला त्याच्या प्रयोगशाळेत जागा हवी आहे, ॲडमचा त्याच्यावरचा भरवसाही आधीच दाखवलाय. बीज पेरलेलं आहे, तुम्हाला ते दिसलं नाही.

अजिंक्यतारा:
आता ऑस्टेनचं नाव मीच काढलंय तर मूळ विषयावर येतो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, १८१३, एकूण ६१ प्रकरणं. नायक डार्सीनं एलिझाबेथला घातलेली पहिली मागणी आणि कडाक्याचं भांडण ३४ व्या प्रकरणात, म्हणजे निम्म्याच्या जरा पुढे. ३५ व्यात त्याचं पत्र. ४३ व्यात पेंबर्ली या त्याच्या वाड्यावरची भेट. तिथे तो नम्र झालाय आणि तिचे डोळे उघडलेत. मग ४६ व्यात तिची धाकटी बहीण लिडिया पळून गेल्याची बातमी. ६१ पैकी ४६, जवळजवळ ७५ टक्के. ज्या पाऊण वाटेवरच्या धक्क्याला आपण आजचा साचा म्हणतोय, तो दोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

फरक एवढाच की ऑस्टेनने दोन कामं वेगळी ठेवली. स्वभावातून आलेलं भांडण मध्यावर, म्हणजे बदलायला दोघांना अर्धं पुस्तक मिळतं. पाऊण वाटेवर येतं ते बाहेरचं संकट, बदल खरा आहे का हे तपासायला. आजच्या कादंबऱ्या ही दोन्ही कामं त्या २६० व्या पानावर कोंबतात. भांडायचं तिथेच, बदलायचंही तिथेच, आणि हातात पानं उरतात नव्वद. त्यातली तीस उपसंहाराची. माणूस एवढ्यात बदलत नाही, म्हणून शेवट घाईचा वाटतो.

विश्रामबाग:
आकडा जुना आहे, बरं, मान्य. कोंबाकोंबीचा मुद्दाही मान्य, आणि खरं तर तो माझ्याच बाजूचा आहे. पण एक सांगा, मोठ्या फारकतीशिवाय कुणाचं अडतं का? सॅली थॉर्नच्या ‘द हेटिंग गेम’ (२०१६) मध्ये दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसतात आणि एकाच बढतीसाठी झगडतात. निवेदन फक्त लूसीचं, जोशुआच्या मनात काय चाललंय ते तिला ताडावं लागतं आणि आपल्यालाही. ताण तिथून येतो. एकाच बाजूनं लिहा, निम्मे रोग आपोआप जातील.

मिरज_जंक्शन:
एकतर्फी निवेदनात दुसरा धोका असतो. नायक अबोल दाखवायचा म्हणून तो तुसडाच होऊन बसतो आणि शेवटी ‘पहिल्या दिवसापासून प्रेम होतं’ असं सांगून सगळं माफ. त्याची खूण मधल्या दोनशे पानांत दिसली पाहिजे. तिला कुठला चहा लागतो ते त्याला न विचारता माहीत असणं, ती आजारी असताना तिचं काम परस्पर उरकणं. नाहीतर ते प्रेम शेवटच्या पानावर उपटलेलं.

कृष्णाकाठ:
हे मात्र मिरजकर अचूक बोलले. आणि मनधरणीलाही हेच लागू पडतं. विमानतळावर धावत जाणं, भर सभेत माइक हातात घेणं, हे मला अजिबात मंजूर नाही. चारचौघांत विचारलं की नायिकेला ‘नाही’ म्हणायची सोय राहत नाही. डार्सी लिडियाचं लग्न गुपचूप लावून देतो आणि एलिझाबेथला कळू नये असंच बघतो. दुसरी मागणी येते ५८ व्या प्रकरणात, दोघं चालताना, ऐकायला तिसरं कुणी नसताना. विनोदाने बगल देणाऱ्या माझ्या त्या नायकानं ३१५ व्या पानावर करायचं एवढंच: तिनं ८० व्या पानावर विचारलेला प्रश्न त्यानं स्वतःहून काढायचा आणि विनोद न करता उत्तर द्यायचं. त्याला माइक लागत नाही.

हरिपूरकर:
आणि त्या उत्तरावर ती हसली पाहिजे. नाहीतर विश्रामबागांची तक्रार परत उभी.

विश्रामबाग:
उभीच आहे. अशी एक मराठीत लिहिलेली दाखवा, पूर्ण किंमत देऊन घेतो. तोवर माझं मत तेच.